माझे झाकण उचलू नका!

मी एक जुना बिडाचा टोप आहे. मला खाली तीन आखूड पाय आहेत, वर जड झाकण आहे आणि उचलायला जाड तारेची कडी आहे. झाकणाला बोटभर उंच काठ आहे. तो शोभेसाठी नाही. झाकणावर निखारे ठेवायचे असतात, ते घसरून पडू नयेत म्हणून तो काठ आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या दोन वर्षांत ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. मित्रांनो, त्या दोन वर्षांत माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

मी क्वीन्सलँडच्या पश्चिम भागात, कूलिबा ओढ्याकाठच्या गुरांच्या मळ्यावर राहतो. ओढ्याला वर्षातून दोन महिने पाणी असते. उरलेले दहा महिने त्याला नुसते नाव असते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले बीड ओतले, ते निवले, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. कारागिराने मला हवेत धरून टिचकी मारली. घंटेसारखा आवाज निघाला. तडा गेलेल्या टोपाचा आवाज बद्द येतो. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "हा बरीच वर्षं टिकेल." मला तेव्हा फार अभिमान वाटला. टिकणे म्हणजे काय काय सोसणे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

त्या काळी गुरांना चालवत बाजारापर्यंत न्यायचे. हजारभर गुरे, सात-आठ घोडेस्वार, एक आचारी आणि सामानाची गाडी. असे तीन-तीन महिने चालणे असे. मला अशाच एका तांड्याच्या नायकाने घेतले. त्या तांड्यात एक नियम होता आणि या भागात तो सगळेच पाळतात. आचाऱ्याच्या स्वयंपाकाला जो नावे ठेवील, त्याने दुसऱ्या दिवसापासून आचारी व्हायचे. कोणी सबब सांगायची नाही.

तांड्यात आल्बी नावाचा एकोणीस वर्षांचा घोडेस्वार होता. एका सकाळी राखेत भाजलेला पाव त्याने दाताखाली धरला आणि तो बोलून गेला, "अरे, हा पाव फेकून मारला तर बैल आडवा होईल!"

म्हाताऱ्या आचाऱ्याने कमरेचे फडके सोडले आणि आल्बीच्या कमरेला बांधले. मग तो झाडाखाली जाऊन आडवा झाला. किती वर्षे तो या क्षणाची वाट पाहत होता, कोण जाणे.

पहिला महिना आल्बीने माझ्यात सगळे करपवले. तरी कोणी चकार शब्द काढला नाही. ते फडके कोणालाच नको होते! पण आल्बीला मात्र लाज वाटत होती. तो शिकत गेला. त्याला कळले की जे जनावर जन्मभर चालले, त्याच्या खांद्याच्या मांसात चिवट पांढरे धागे असतात. मोठ्या आचेवर ते धागे आवळतात आणि मांसाचे कातडे होते. मंद आचेवर, बंद झाकणाखाली, स्वतःच्याच वाफेत ते चार तास राहिले तर धागे वितळतात आणि त्यांचाच दाट रस होतो. खाली थोडे निखारे, झाकणावर जास्त. आणि झाकण उचलायचे नाही. आत काय चालले आहे हे तो कानाने ओळखायचा. माझ्या जवळ वाकून ऐकायचा. तडतड ऐकू आली तर आच जास्त आहे. काहीच ऐकू आले नाही तर निखारे विझत आले. आणि कोणी शेजारच्या खोलीत कुजबुजत असावे तसा आवाज आला, तर सगळे ठीक आहे.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. दुसऱ्या तांड्यांतले लोक हरवलेली वासरे शोधायच्या निमित्ताने आमच्या तळावर यायचे. वासरू कधी सापडायचे नाही. ताट मात्र सापडायचे.

पुढे गुरे मालमोटारींतून जाऊ लागली आणि तांडे संपले. आल्बीने लग्न केले. तो कूलिबाच्या मळ्यावर स्थिरावला आणि मलाही घेऊन आला. चाळीस वर्षे दर रविवारी दुपारी घरामागच्या चरात गिजी नावाच्या टणक झाडाच्या लाकडाचे निखारे पडायचे आणि माझ्यात मांसाचा रोस्ट शिजायचा. आल्बीचे आल्बी आजोबा झाले. त्यांची मुलगी नोलीन इथेच वाढली. तिचे गार्थशी लग्न झाले आणि मळा तो पाहू लागला.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. आजोबांचे हात अलीकडे कापू लागले होते. त्यांनी लोखंडी आकड्याने माझे झाकण उचलले आणि ते निसटले. लाल निखारे नोलीनच्या पायाशी पडले. तिला काही झाले नाही, पण आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी आकडा गार्थच्या हातात दिला. "आजपासून तू," एवढेच म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले.

इथून माझे हाल सुरू झाले.

गार्थ वाईट माणूस नाही. तो पंप दुरुस्त करतो, कुंपण घालतो, अडलेल्या गाईला सोडवतो. पण त्याला वाटते की मोठी आग म्हणजे चांगला स्वयंपाक! तो मला सरळ ज्वाळेवर बसवतो. झाकणावर एकही निखारा ठेवत नाही. त्यामुळे माझे बूड लाल होते आणि डोके गारच राहते. मळ्यावर स्वतःच्या खाण्यासाठी जनावर कापतात, तेव्हा पाठीचे मऊ तुकडे आधी संपतात आणि खांद्याचा तुकडा शेवटी उरतो. गार्थ खांद्याच्या तुकड्याला पाठीच्या तुकड्यासारखेच वागवतो. एक तास, आणि काढा बाहेर! बटाटे, गाजर, लाल भोपळा सगळे सुरुवातीलाच आत टाकतो. भोपळ्याचे पाणी होते, बटाटे खाली चिकटतात आणि मांस तसेच राहते, रागावल्यासारखे ताठ.

आणि झाकण! दर दहा मिनिटांनी झाकण उचलतो. "बघूया तरी काय म्हणतंय," असे म्हणतो. अरे, काय म्हणणार ते? 'झाकण लाव' म्हणतेय! साठवलेली सगळी वाफ भसकन निघून जाते. राख आत पडते. एकदा तर आतले करपलेले पाहून त्याने तापलेल्या माझ्यात गार पाणी ओतले. मित्रांनो, तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे मरणच. मी तडकता तडकता वाचलो.

जेवण झाले की तो मला साबणाने खसाखसा घासतो आणि ओलाच पालथा घालतो. आल्बी आजोबांनी चाळीस वर्षे चरबी चोळून माझ्यावर आणलेला काळा तुकतुकीत रंग गेला. माझ्या पोटात गंजाचे डाग पडले.

पण मला सर्वांत जास्त चीड कशाची यायची, सांगू? जेवणाऱ्या माणसांची. साठ किलोमीटरवरचा शेजारी बार्नी दर रविवारी यायचा. तो एकेक घास उंटासारखा रवंथ करत बसायचा आणि वर म्हणायचा, "वा गार्थ! झकास जमलंय हं!"

"थोडं चिवट नाही ना?" गार्थ विचारायचा.

"छे छे! चावायला मजा येते. जबड्याला व्यायाम."

नोलीनही "छान" म्हणायची. आल्बी आजोबाही "छान" म्हणायचे. कोणालाच ते फडके नको होते. आणि गार्थला वाटायचे, आपण उत्तम आचारी झालो. त्याला दुरुस्त तरी कोण करणार?

नोलीनला मांस बिघडले आहे हे कळत होते. म्हणून ती आजूबाजूला पदार्थ वाढवत गेली. पांढऱ्या रश्श्यातला फ्लॉवर, मक्याचे दाणे, मटार, शेवयांची गार कोशिंबीर, डब्यातले बीट, तळलेले कांदे, दोन प्रकारचे बटाटे. टेबलावर बशी ठेवायला जागा उरायची नाही. सगळे असायचे, पण कशाचे कशाशी जमायचे नाही.

आणि आल्बी आजोबा वाळत चालले.

त्याचे कारण मला माहीत होते, कारण त्यांची खुर्ची माझ्या चराशेजारीच होती. त्यांची कवळी सैल झाली होती. मांस चावता येत नव्हते. ते घास तोंडात घोळवायचे, मग इकडेतिकडे पाहून रुमालात काढायचे आणि खुर्चीखाली बसलेल्या कुत्र्याला द्यायचे. दाताच्या डॉक्टरकडे जायचे तर दिवसभराचा प्रवास करून शहरात जायला हवे. आणि आजोबांच्या मनात एकच धास्ती होती: एकदा शहरात नेले की परत आणणार नाहीत.

ती धास्ती उगाच नव्हती. महिन्यातून एकदा फिरती नर्स सिस्टर लॉरेल गाडीतून औषधे आणि वजनकाटा घेऊन यायची. अडुसष्ट किलो. मग चौसष्ट. मग एकसष्ट.

"आल्बी, हे बरं नाही," ती व्हरांड्यात म्हणाली. "पुढच्या महिन्यात काटा साठच्या खाली गेला, तर मला तुमचं नाव शहरातल्या वृद्धाश्रमात द्यावंच लागेल. तिथे निदान तीन वेळा नीट खायला तरी घालतील."

"मी नीट खातो."

"तुम्ही खाता? मला तर तुमचा कुत्रा खातोय असं दिसतंय. तुमचं गेलेलं सगळं वजन त्याच्या पोटावर आलंय!"

ती हसत म्हणाली. पण नोलीन हसली नाही. ती कुत्र्याकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळे पाहिले. रुमाल पाहिला, कुत्राही पाहिला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फ्लॉवरचे भांडे तसेच होते.

"डॅड, माझ्याकडं बघा. तुम्ही जेवण कुत्र्याला घालता?"

"नाही गं. छान झालंय सगळं."

"छान असतं तर गिळलं असतं ना!" तिचा आवाज चिरकला. "आश्रमाचा फॉर्म कपाटात आणून ठेवलाय मी. रोज कपाट उघडते आणि तो दिसतो. तुम्हाला जायचंय का तिथं? जायचं असेल तर तसं सांगा. मी आठ-आठ पदार्थ करून मरतेय, आणि तुम्ही 'छान, छान' म्हणत डोळ्यांदेखत संपत चाललाय!"

बार्नीने चावणे थांबवले. गार्थ आकडा हातात धरून उभा राहिला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'बोला आजोबा! एकदाचं बोलून टाका!' पण बिडाच्या टोपाचे कोण ऐकणार?

आजोबांनी हातातला काटा खाली ठेवला.

"गार्थ," ते म्हणाले, "हे मांस म्हणजे जुन्या खोगिराचं कातडं आहे. दोन वर्षं झाली, मी खोगीर चघळतोय."

बार्नीच्या घशात घास अडकला. नोलीनने भांडे खाली ठेवले. गार्थचे कान लाल झाले. मला वाटले, आता भांडण होणार. पण गार्थ चालत आला आणि त्याने आकडा आजोबांच्या मांडीवर ठेवला.

"नियम तुम्हीच शिकवलाय बॉस. नावं ठेवलीत, आता रांधा."

"माझे हात कापतात, गार्थ. मागच्या वेळी काय झालं ते बघितलंयस तू."

"हात माझे घ्या. डोकं तुमचं चालवा. आणि दोन वर्षं हे पोटात ठेवलंत? पहिल्याच रविवारी सांगितलं असतंत, तर मला काय फाशी झाली असती?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आत्ता काय मला गुदगुल्या होतायत?"

आधी बार्नी हसला, मग नोलीन डोळे पुसत हसली. मग आजोबांनी कवळी काढून सरळ ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "ही बी आता बसत नाही." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते कबूल केले.

पुढच्या रविवारी सकाळी आठलाच आजोबा खुर्ची ओढून चराशेजारी बसले. मांसाला आदल्या संध्याकाळीच मीठ चोळून ठेवले होते. आधी गार्थने माझा गंज वाळूने घासून काढला, मला कोरडा केला आणि आतून-बाहेरून चरबी चोळली. मग आजोबा सांगत गेले आणि गार्थ करत गेला. माझ्यात थोडी चरबी तापवली. खांद्याचा तुकडा चारी बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतला. खाली जाड चिरलेले कांदे, त्यावर मांस, बाजूने वाटीभर पाणी.

"एवढंच पाणी?" गार्थने विचारले.

"बाकीचं मांस देईल. देण्याइतका वेळ दे त्याला."

खाली सहा निखारे. झाकणावर चौदा. कितीतरी महिन्यांनी माझ्या डोक्याला ऊब लागली. मित्रांनो, काय सांगू! फार बरे वाटले.

पण सुख कुठले लाभायला? दहाच मिनिटांत गार्थचा हात आकड्याकडे गेला. आजोबांनी काठीने त्याच्या बोटांवर टोला दिला. अकराला बार्नी आला आणि आल्याआल्या वाकून म्हणाला, "बघूया तरी काय म्हणतंय!" त्यालाही टोला बसला.

"आत पोर झोपलंय असं समज," आजोबा म्हणाले. "झोपलेल्या पोराचं पांघरूण काढून 'झोपलंस का रे' असं विचारतोस का तू?"

"मी विचारायचो," बार्नी म्हणाला.

"म्हणून तुझी पोरं रात्रभर रडायची."

स्वयंपाकघरात वेगळाच वाद चालू होता. नोलीनने आठ पदार्थांची यादी काढली होती.

"तीन पुरे," आजोबांनी बाहेरूनच सांगितले. "रस्सा शोषून घेणारं एक, गोड एक, आंबट एक. मांस जड आहे, त्याला तेवढीच सोबत लागते. बटाटा, लाल भोपळा, बीट."

"आणि मटार?"

"मटार कशाला?"

"मला आवडतात म्हणून!"

"मग मटार," आजोबा मुकाट्याने म्हणाले. नोलीनपुढे त्यांचाही नियम चालत नाही.

बटाटे शेवटच्या तासाला आत गेले आणि भोपळा शेवटच्या अर्ध्या तासाला. तेवढ्यापुरते दोनदाच झाकण उघडले, तेही आधी वरची राख झाडून. बाकी वेळ आजोबा वाकून ऐकत होते. चौथ्या तासाला ते म्हणाले, "आता काढा." पण लगेच कापू दिले नाही. फडक्याखाली वीस मिनिटे मांस तसेच ठेवले. गार्थ येरझारा घालत राहिला. मग धाग्यांच्या आडवे कापायला लावले. उभे कापले की लांब दोरे तोंडात येतात. आडवे कापले की घास आपोआप सुटतो.

सुरी लागायच्या आधीच मांस सुटू लागले होते. आजोबांनी कवळीशिवायच खाल्ले. पहिला घास जिभेने टाळूला दाबला, आणि तो विरघळला. त्यांनी डोळे मिटले. मग बटाटा रश्श्यात कुस्करून खाल्ला. मग पुन्हा ताट पुढे केले. नोलीनने वाढताना जरा जास्तच वाढले आणि पटकन पाठ फिरवली.

उरलेले मांस रश्श्यात गरम करून आठवडाभर पुरले. पुढचे दोन रविवारही असेच गेले. मग सिस्टर लॉरेल आली. आजोबा बूट काढून काट्यावर उभे राहिले. नोलीन दाराला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"एकसष्ट किलो सहाशे," सिस्टर म्हणाली. तिने काट्याला टिचकी मारून पुन्हा पाहिले. "सहाशे ग्रॅम वाढलंय. फार नाही. पण खाली गेलेलं नाही. अजून एक महिना बघूया. आणि दाताचा डॉक्टर पुढच्या महिन्यात फिरत्या गाडीतून इकडंच येतोय. तुमचं नाव लिहू का?"

"इथंच येणार?"

"इथंच."

"मग लिही," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपवता आली असती, तर मीही सुखाने गप्प बसलो असतो. पण माझी कटकट अजून संपलेली नाही. फॉर्म अजून कपाटातच आहे. बार्नी अजूनही झाकणाकडे हात नेतो. गार्थ परवा मला पुन्हा ओलाच ठेवून गेला. चांगली सवय लागायला वेळ लागतो, हे मला कळते. तरी राग यायचा तो येतोच.

तुमच्याही घरी एखादे लोखंडी भांडे असेल. त्याला साबण लावून भिजत ठेवू नका. पुसा, कोरडे करा, तेलाचा हात फिरवा. मंद आचेवर काही शिजत असेल तर सारखे उघडून पाहू नका. आणि तुमच्या घरी एखादे म्हातारे माणूस थोडेच जेवून "छान झालंय" म्हणत उठत असेल, तर त्याच्या 'छान'वर जाऊ नका. त्याच्या ताटात काय उरले आहे ते पाहा. जवळ बसून विचारा, चावता येते का, गिळता येते का, काय खावेसे वाटते. आणि त्याने खरे सांगितले तर रागावू नका.

आता रविवारची जेवणे उरकली की आल्बी आजोबा मला मांडीवर घेतात आणि फडक्याने चरबी चोळतात. हात कापतात, म्हणून फडके दोनदा पडते. ते वाकून उचलतात आणि पुन्हा चोळू लागतात. गार्थला हेच काम दोन मिनिटांत करता येईल. आजोबांना अर्धा तास लागतो. काल गार्थ मदतीला पुढे आला आणि नोलीनने त्याचा दंड धरून त्याला थांबवले.

मित्रांनो, तिने अगदी बरोबर केले. ते फडके त्यांच्या हातातून कोणी घेऊ नका.